जिल्ह्याचे इस्पितळ

जिल्ह्याच्या गावी असलेल्या सरकारी इस्पितळाच्या पाटीवर काहीही लिहिलेले असले, तरी लोकांच्या तोंडी त्याचे नाव निराळेच असते. महाराष्ट्रात ते 'सिव्हिल' होते. बिहार-झारखंडाकडे 'सदर अस्पताल'. तमिळनाडूत 'पेरिय आस्पत्तिरि', म्हणजे मोठे इस्पितळ. तेलुगू आणि मल्याळम या भाषांत जुन्या पिढीच्या बोलण्यात 'धर्मासुपत्री' असा एक शब्द आढळतो. जेथे धर्मार्थ, म्हणजे दाम न घेता औषधपाणी होते ती जागा, असा त्याचा अर्थ. या नावांत इस्पितळाचा सारा पूर्वेतिहास साठविलेला आहे. लष्कराच्या इस्पितळाहून वेगळे ते 'सिव्हिल'. जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यातले ते 'सदर'. आणि गोरगरिबांना जेथे दान म्हणून उपचार मिळतात ते 'धर्मा'चे. येथे येण्याचा आपणास हक्क आहे, ही भावना मात्र यांपैकी कोणत्याही नावात उमटलेली नाही. ती पुढे आली, आणि फार सावकाश आली.

इंग्रजी अमदानीत या इस्पितळाचा प्रमुख सिव्हिल सर्जन असे. तो पुष्कळदा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा, म्हणजे मुळात लष्करी सेवेतला अधिकारी. सरकारी अंमलदार आणि त्यांची कुटुंबे यांची प्रकृती सांभाळणे हे त्याचे एक मुख्य काम. जिल्ह्याच्या तुरुंगाची देखरेखही अनेक ठिकाणी त्याच्याचकडे असे. या व्यवस्थेत सामान्य माणसाच्या वाट्याला काय येत होते, ते सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात आकड्यांनिशी मांडले. ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार लोकवस्तीमागे इस्पितळातील खाटांचे प्रमाण ०.२४ होते, म्हणजे पाव खाटही पुरती नाही. १९३७ साली जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६२ मुले वर्षाची होण्यापूर्वीच दगावली होती. समितीची दीर्घ पल्ल्याची योजना मोठी होती. तीस लाख वस्तीच्या जिल्ह्यामागे २,५०० खाटांचे मुख्य इस्पितळ, त्याच्या हाताखाली ६५० खाटांची दुय्यम इस्पितळे, आणि अगदी खाली दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे एक, अशी ती उतरंड. स्वतंत्र भारताच्या तिजोरीला ती पेलणारी नव्हती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली, ती बरीच लहान मापाची होती. खालची केंद्रे दुबळी राहिली, की त्यांचा भार वरच्या इस्पितळावर पडतो. तो आजतागायत पडतो आहे.

नीती आयोगाने २०२१ साली देशातील ७०७ जिल्हा रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातील आकडे २०१७-१८ सालचे आहेत. त्यांनुसार जिल्हा रुग्णालयांत दर लाख लोकवस्तीमागे सरासरी २४ खाटा चालू होत्या. योगायोग असा, की हजारी ०.२४ आणि लाखी २४ हा एकच आकडा. अर्थात भोर समितीने सर्व इस्पितळांतील खाटा मोजल्या होत्या आणि नव्या पाहणीत केवळ जिल्हा रुग्णालयांच्या आहेत, तेव्हा दोहोंची बरोबरी करणे न्यायाचे होणार नाही. तरी सरासरीच्या पोटात काय दडलेले आहे तेही पाहिले पाहिजे: पुदुच्चेरीत लाखामागे २२२ खाटा, तर बिहारात सहा.

खाटांच्या हिशेबातून या इस्पितळाचे खरे काम ध्यानात येत नाही. खाजगी रुग्णालयाला आपले रुग्ण निवडता येतात. जिल्ह्याच्या इस्पितळाला ती सोय नाही. तेथे सर्पदंश झालेला शेतमजूर येतो, विहिरीत पडलेली मुलगी येते, रस्त्यावर सापडलेला बेवारशी म्हातारा येतो आणि पोलिसांनी आणलेला आरोपीही येतो. जिवंत माणसांबरोबर मृतांचेही काम तेथेच चालते. संशयास्पद मृत्यूचे शवविच्छेदन, मारहाणीच्या जखमांचा दाखला, अत्याचार झालेल्या स्त्रीची तपासणी, अल्पवयीन म्हणविणाऱ्याच्या वयाचा अंदाज, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, ही सारी कामे औषधोपचाराच्या जमाखर्चात कोठेही दिसत नाहीत. पण न्यायालयात उभा राहिलेला पुष्कळसा पुरावा या इस्पितळाच्या टेबलावर लिहिला गेलेला असतो. दिव्यांगाची सवलत, निवृत्तिवेतन, नोकरी या सर्वांची किल्ली तेथल्या एका सहीत असते. ती सही मिळविण्यासाठी दूरच्या तालुक्याहून आलेल्या माणसाला 'आज बोर्ड नाही, बुधवारी या' असे सांगितले जाते, तेव्हा त्याची एक दिवसाची मजुरी आणि एस. टी. चे भाडे बुडालेले असते. आजाराइतकाच हाही लोकांचा खर्च आहे, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

पोलिसी कामाची ही जबाबदारी एके काळी रुग्णाच्या जिवावर उठत असे. एका स्कूटरस्वाराला मोटारीची धडक बसली. जवळच्या रुग्णालयात नेले, तर तेथे सांगण्यात आले, की अशा कायदेशीर बाबी हाताळण्याचा अधिकार वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयास आहे. वाटेतच त्याचा प्राण गेला. वर्तमानपत्रातील या वृत्तावरून सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला, आणि १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात न्यायालयाने निकाल दिला, की जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत.

त्याहून दूरगामी ठरला तो १९९६ सालचा निकाल. ८ जुलै १९९२ रोजी बंगालमध्ये मथुरापूर स्थानकात शेतमजुरांच्या संघटनेचा एक सभासद आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून त्याला पुढे धाडण्यात आले. त्यानंतर कलकत्त्यातील सरकारी इस्पितळांच्या दारांतून त्याला एकामागून एक परतविण्यात आले. कोठे खाट नव्हती, कोठे मेंदूवरील उपचारांची व्यवस्था नव्हती. अखेर एका खाजगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार रुपये मोजून त्याचा जीव वाचला. शेतमजुराला ही रक्कम म्हणजे काय, ते सांगावयास नको. संघटनेने दाद मागितली. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की निकडीचा उपचार वेळेवर न देणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची चणचण ही सबब राज्याला पुढे करता येणार नाही. पंचवीस हजार रुपये भरपाई देवविण्यात आली. 'धर्मासुपत्री'तला धर्म येथे संपला आणि हक्क सुरू झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

पण निकालातील तत्त्वाइतकाच त्यातील व्यवहारी भाग मोलाचा आहे. न्यायालयाने सुचविलेले उपाय अगदी साधे होते. प्राथमिक केंद्रात निदान रुग्णाची प्रकृती सावरून धरण्याइतकी सोय असावी. जिल्हा व उपविभागाची इस्पितळे गंभीर रुग्ण सांभाळू शकतील इतकी सुधारावीत. कोणत्या इस्पितळात खाट रिकामी आहे हे एका ठिकाणाहून कळावे, म्हणजे रुग्णाला सरळ तेथेच पाठविता येईल. आणि रुग्णवाहिकेत आवश्यक साधने व शिकलेली माणसे असावीत. त्या शेतमजुराला रात्रभर दारोदार फिरावे लागले, ते बऱ्याच अंशी एका दूरध्वनीच्या अभावी. २००५ साली हैदराबादेत सुरू झालेली '१०८' क्रमांकाची रुग्णवाहिका आज बहुतेक राज्यांत धावते, महाराष्ट्रात ती २०१४ पासून आली. गाडी वेळेवर येते, हा मोठाच फरक पडला. ती ज्या दाराशी जाऊन थांबते त्या दाराआड खाट रिकामी आहे की नाही, हे मात्र पुष्कळ ठिकाणी अजूनही दाराशी गेल्यावरच कळते.

खाट मिळाली, डॉक्टर आले, तरी औषध हवे. 'औषध संपले आहे, बाहेरून आणा' हे वाक्य सरकारी इस्पितळाच्या नावलौकिकाला जितके मारक ठरले आहे, तितकी दुसरी कोणतीही गोष्ट ठरली नसेल. या रोगावर तमिळनाडूने जो इलाज काढला तो अभ्यासण्याजोगा आहे. १९९४ साली तेथे औषधखरेदीसाठी एक स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. औषधे व्यापारी नावाने न घेता मूळ नावाने, साऱ्या राज्यासाठी एकत्र घ्यावयाची. ती जिल्ह्याजिल्ह्यांतील गोदामांत ठेवावयाची. प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत तपासावयाचा. आणि प्रत्येक इस्पितळाला बँकेसारखे एक पासबुक द्यावयाचे. वर्षाची रक्कम त्यात मांडलेली. जसजशी औषधे उचलली जातील तसतशी ती कमी होत जाणार. कोणते औषध किती घ्यावयाचे हे इस्पितळाने आपल्या गरजेप्रमाणे ठरवावयाचे. राजधानीत बसून सर्वांना सारखा वाटा धाडण्याची जुनी पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या लहानशा पासबुकाचे मोल कळेल. राजस्थानाने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषधांची योजना आणली तीही याच वाटेने.

आता या इस्पितळाच्या एका अशा कक्षाकडे वळावयाचे, की जो पंचवीस वर्षांपूर्वी जवळजवळ कोठेही नव्हता. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शंभरांपैकी जेमतेम ३९ बाळंतपणे रुग्णालयांत होत होती. त्याच सुमारास, म्हणजे एप्रिल २००५ मध्ये, जननी सुरक्षा योजना आली. आणि २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ वर गेले. इतक्या थोड्या काळात लोकांच्या रीतीत एवढा पालट क्वचितच झाला असेल. साहजिकच अडलेली बाळंतिणी आणि अशक्त बालके यांचा ओघ जिल्ह्याच्या इस्पितळाकडे वळला. २०२० साली देशात दर हजार जन्मांमागे २८ मुले वर्षाच्या आत दगावली. भोर समितीच्या १६२ शी ताडून पाहता ही प्रगती लहान नव्हे. परंतु या २८ पैकी २० मृत्यू पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले आहेत. म्हणजे बालमृत्यूचा प्रश्न आता आकसत आकसत पहिल्या महिन्याशी येऊन ठेपला आहे.

या पहिल्या महिन्यात मूल का दगावते? पुष्कळदा त्याची सुरुवात गारठ्याने होते. आईच्या पोटातील उबेतून बाहेर आलेल्या बालकाचे वजन अल्प असते, पण त्या मानाने कातडीचा विस्तार मोठा, म्हणून अंगातील ऊब झपाट्याने निघून जाते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या मुलाच्या अंगात चरबीचा साठाही नसतो. ऊब राखण्यासाठी शरीर साखर जाळू लागते, साखर उतरली की मूल मलूल होते, दूध ओढीत नाही, श्वास मंदावतो. अशा देहात जंतूंना शिरकाव करण्यास वेळ लागत नाही. म्हणून या मुलांना प्रथम काय हवे, तर ऊब, प्राणवायू, थेंबाथेंबाने पोटात जाणारे आईचे दूध आणि सतत लक्ष ठेवणारी माणसे. ही सोय पूर्वी महानगरांतील मोठ्या रुग्णालयांतच असे, आणि तेथवर पोहोचण्याइतका वेळ या जीवांपाशी नसतो.

ती जिल्ह्याच्या गावी होऊ शकते, हे पुरुलियाने दाखविले. छोटा नागपूरच्या पठाराला लागून असलेला हा पश्चिम बंगालचा कोरडवाहू, गरीब जिल्हा. २००३ साली तेथल्या जिल्हा इस्पितळात आजारी नवजात बालकांसाठी वेगळा कक्ष उघडण्यात आला. पाठोपाठ बीरभूम जिल्ह्यात सिउडी येथेही तसाच कक्ष झाला. परिचारिका पुरेशा मिळेनात, तेव्हा शाळा शिकलेल्या स्थानिक मुलींना नवजात बालकांची शुश्रूषा शिकवून कामावर घेण्यात आले. हात कसे धुवावेत, उबेचे यंत्र कसे लावावे, मुलाची कोणती हालचाल धोक्याची, हे त्यांना नीट शिकविले गेले. मोठ्या शहरातील तज्ज्ञांना हा प्रयोग प्रथम धाडसाचा वाटला असल्यास नवल नाही. पण तो टिकला, आणि पुढे देशभर जिल्हा पातळीवर असे नऊशेहून अधिक कक्ष उभे राहिले. वर्षाला तीन हजारांवर बाळंतपणे होणाऱ्या इस्पितळात निदान बारा खाटांचा कक्ष असावा, असे केंद्र सरकारच्या २०११ च्या सूचनांत ठरले.

या कक्षांत एक उणीव मात्र बराच काळ राहिली. मूल काचेआड, आणि आई बाहेरच्या व्हरांड्यात जमिनीवर. जंतुसंसर्गाच्या भीतीने तिला आत येऊ देत नसत. दूध काढून आत पाठवावयाचे, एवढाच तिचा संबंध. दक्षिण अमेरिकेतील बोगोता शहरात १९७८ च्या सुमारास यंत्रे अपुरी पडली, म्हणून डॉक्टरांनी अशक्त मुले आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवावयास सुरुवात केली होती, आणि ती मुले जगत होती. मूल आईच्या अंगाशी धरून ठेवण्याच्या या पद्धतीला आता 'कांगारू' पद्धत म्हणतात. नड म्हणून निघालेला हा उपाय यंत्राहून सरस असू शकतो, हे पटावयास चाळीस वर्षे लागली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि आफ्रिकेतील चार देशांतील रुग्णालये मिळून जो अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. अल्पवजनी मुलाला स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मापासूनच आईच्या छातीशी ठेवले, तर मृत्यूचे प्रमाण पंचवीस टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. तेव्हा आता कक्षातच आईची खाट असावी, असे नवे धोरण आहे. इमारती मात्र जुन्या मापाच्या आहेत. आईसाठी जागा करावयाची तर भिंती हलवाव्या लागतात.

भिंतींचा विषय निघाला की भंडाऱ्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री तेथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. कक्षात सतरा बालके होती. त्यांतील सातांना बाहेर काढण्यात यश आले, दहा दगावली. जी मुले मृत्यूच्या दाढेतून सोडविण्यासाठी तेथे आणली होती, त्यांना त्या कक्षानेच गिळावे, याहून दारुण गोष्ट कोणती? त्यानंतर रुग्णालयांतील आगप्रतिबंधक व्यवस्थेच्या तपासणीचे हुकूम सुटले. अशा दुर्घटनेचा विचार एका इस्पितळापुरता करून भागत नाही. नवजात कक्ष म्हणजे दिवसरात्र तापणारी यंत्रे, प्राणवायूने भरलेली हवा आणि स्वतःच्या पायांनी पळू न शकणारी माणसे. इमारती बहुधा त्या आधीच्या काळातल्या. त्यांतील विजेच्या तारा पंखे व दिवे यांच्या हिशेबाने ओढलेल्या. यंत्र येते ते एका खात्याच्या पैशातून, तार बदलावयाची ती दुसऱ्या खात्याने. नव्या इमारतीची कोनशिला बसते, यंत्राचे उद्‌घाटन होते. जुन्या तारा बदलल्या म्हणून कोणी नारळ फोडीत नाही. दुरुस्ती आणि देखभाल या सदरातील रक्कम हीच बहुधा सर्वांत आधी कापली जाते, कारण ती कापल्याचे त्या वर्षी कोणाला जाणवत नाही. रात्रपाळीला किती माणसे, दाराला कुलूप की कडी, धूर ओळखणारे यंत्र चालू की बंद, या प्रश्नांची उत्तरे दर महिन्याला लेखी मागणारा एक अधिकारी प्रत्येक इस्पितळात असणे हे दहा नव्या यंत्रांहून अधिक मोलाचे आहे.

कक्षातून बरे होऊन निघालेल्या मुलाचे पुढे काय होते, हाही प्रश्न इस्पितळाच्याच कामात मोडतो. दीड-दोन किलोचे मूल घेऊन आई गावी परतते तेव्हा धोका टळलेला नसतो. या बाबतीत देशाला वाट दाखविली ती गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले. त्या गावांतील नवजातांच्या मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरल्याचे त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. २०११ साली केंद्र सरकारने ही पद्धत देशभरासाठी स्वीकारली. रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी आता गावच्या आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे असते. सर्व भेटी मिळून तिला अडीचशे रुपये द्यावयाचे ठरले. जिल्ह्याच्या कक्षातून मूल सुटल्याची वर्दी तिला वेळेवर पोहोचली, तर ती पिशवीत तापमापक, वजनाचा काटा आणि एक लहानसे पांघरूण घेऊन त्या घरी जाते, मुलाचे अंग गार लागते का पाहते, झोळीत घालून वजन करते आणि आकडा वहीत मांडते. वजन वाढले नसेल, तर ती आईला पुन्हा त्याच इस्पितळाची वाट धरावयास सांगते आणि पुष्कळदा तिच्याबरोबर गाडीत बसून स्वतःही जाते.